तीनशे माणसांनी भरलेलं स्टेडियम

शैला, तू गेल्याला महिना झाला, आणि गेल्या बुधवारी मी तुला एकाच स्टँडमध्ये चार ठिकाणी बसलेलं पाहिलं.

भास वगैरे नाही. मला भास होत नाहीत, तुला माहीत आहे. आपल्याला गर्दीची कामं देणाऱ्या केविनच्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर, हातात कॉफी घेऊन, पूर्ण शुद्धीत पाहिलं. नव्या मालिकेतल्या फुटबॉल मॅचचा तो कच्चा नमुना होता. मैदानात मुलं पळत होती आणि मागे दोन हजार प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. त्यातला एकही तिथे बसलेला नव्हता. थोड्याशा माणसांना सगळ्या बाजूंनी स्कॅन करायचं, आणि कॉम्प्युटरवर त्यांचे कपडे-टोप्या बदलून त्यांनाच पुन्हा पुन्हा खुर्च्यांत बसवायचं, हे ते नवं तंत्र. मी सवयीनं रांगा तपासत होते. तिसऱ्या रांगेत एक बाई आरतीला वाजवतात तशी टाळी वाजवत होती. डावा तळवा छातीशी स्थिर, उजवा त्यावर ठेक्यात. मग तीच टाळी नवव्या रांगेत, निळ्या जॅकेटमध्ये. मग कोपऱ्यात, लोकरीची टोपी घालून. चौथी मी शोधलीच नाही, ती केविननं दाखवली.

"ही शैला आहे?" मी विचारलं.

"हो. फेब्रुवारीत आली होती. तुला माहीत नव्हतं?" केविन बिचारा खरोखर गोंधळला. "ती म्हणाली होती, मंगलला सांगू नकोस. तिला वाटेल ती वाद जिंकली."

तर त्यासाठी हे लिहायला बसले आहे. आपला वाद तू अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि जाताना माझी बाजू घेऊन गेलीस. असं चालत नाही.

तुझ्या शोकसभेत चार जणांनी तुला शांत आणि सोज्वळ म्हटलं. शांत? मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तुझा आवाज भोंग्याशिवाय जायचा. दोघीतिघींनी माझा हात धरून सांगितलं की तू वरून बघत असशील. मी म्हटलं, शैला वर कधीच बसायची नाही, वरून काही दिसत नाही म्हणायची. त्यांनी माझा हात सोडला. नंतर कळलं की मी उद्धट वागले. असू दे.

पुढचं तुला सांगायची गरज नाही. पण हे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येणार आहे, आणि मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की आपण दोघी सिनेमात नाचायचो. तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

अकरा वर्षांपूर्वी माझी वेअरहाउसमधली नोकरी गेली होती. तिथे मी शिफ्टची वेळापत्रकं लावायचे. तू बालवाडीत शिकवायचीस. तुझ्या मुलीच्या, रियाच्या शाळेच्या स्टेडियमवर कुठल्याशा मालिकेचं शूटिंग आलं, त्यांना गर्दी हवी होती, आणि तू शाळेच्या ऑफिसात उभी असताना "मी आणते ना गर्दी" असं सांगून मोकळी झालीस. मग माझ्याकडे आलीस.

"मंगल, तुला याद्या करता येतात ना?"

"येतात."

"मग रडत काहून बसलीस? चल."

"मी रडत नाहीये. रेझ्युमे लिहितेय."

"तेच ते."

नागपूरची माणसं एवढ्या आत्मविश्वासानं चुकीचं कसं बोलू शकतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी आले. त्या दिवशी तू मला उठवलं नसतंस तर मी आणखी किती दिवस तो रेझ्युमे लिहीत बसले असते, कोण जाणे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आता मानले.

स्टेडियम बारा हजारांचं असलं म्हणून बारा हजार माणसं कोणी बोलवत नाही. तीनशे बोलवतात. कॅमेरा एका जागी पक्का बसवतात, तो केसभरही हलता कामा नये. तीनशे जण एका ब्लॉकमध्ये बसतात, ओरडतात, तेवढं चित्रण होतं. मग सगळे उठून शेजारच्या ब्लॉकमध्ये. टोपी बदला, जॅकेट बदला, शेजारी बदला. पुन्हा ओरडा. मागाहून ते तुकडे जोडले की स्टेडियम भरलं. आणि ओरडायचं तेही बिनआवाजाचं, कारण पुढे नटांचे संवाद चाललेले असतात. तोंड उघडायचं, मानेच्या शिरा ताणायच्या, पण तळव्याला तळवा लागू द्यायचा नाही. मॅच नोव्हेंबरची आणि शूटिंग टेक्सासच्या जूनमध्ये, त्यामुळे वर लोकरीच्या टोप्या.

तू पहिल्या दिवशी मंडळातले चाळीस ज्येष्ठ आणलेस. जेवण आहे एवढंच सांगून. पहिला ब्लॉक झाला आणि असिस्टंट डायरेक्टर मॉनिटरला नाक लावून म्हणाला, शेजारचा ब्लॉक रिकामा हवा होता, तिथे हे काय आहे? तिथे सतरा रुमाल, एक पर्स आणि एक थर्मास होता. आपटेकाकांनी पुढच्या ब्लॉकमधल्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या.

"काका, इथे बारा हजार खुर्च्या आहेत," तू म्हणालीस.

"असतील. सावलीत किती आहेत?"

शेजारी बदलायचा म्हटल्यावर काका अडून बसले. त्रेचाळीस वर्षं आम्ही शेजारी बसतोय, आता नाटकासाठी वेगळं बसायचं का? काकू माझ्या कानाशी आल्या. "मंगल, मला बसव गं वेगळं. जमल्यास पाच-सहा ब्लॉक लांब."

आणि मग टाळ्या. चाळीस जणांनी सुरुवात केली वेगवेगळी, आणि दहा सेकंदांत चाळीसच्या चाळीस जण एका ठेक्यात. असिस्टंट डायरेक्टर हात वर करून पळत आला. "रँडम, प्लीज! रँडम!" काकूंनी विचारलं, रँडम म्हणजे कसं वाजवायचं? तू दाखवायला गेलीस आणि स्वतःच ठेक्यात वाजवायला लागलीस. तुला ते शेवटपर्यंत जमलं नाही. दर शूटिंगला मी तुला कुणा उंच माणसाच्या मागे लपवायचे.

तिथून आपला धंदा उभा राहिला. माणसं तुझी, याद्या माझ्या. तू पायऱ्या चढून-उतरून दिवसभर ओरडायचीस, मी खाली सावलीत टेबल मांडून कोण कुठे बसलं याचे तक्ते ठेवायचे. तुझा गुडघा दुखायला लागला तेव्हा म्हणालीस, थोडे दिवस तू वर जा, मी टेबल सांभाळते. मी म्हटलं, माझा आवाज नाही. तू म्हणालीस, आवाज आहे, लाज वाटते तुला. ते भांडणही तसंच राहिलं.

मग स्कॅनिंग आलं. ते येणार हे मला दिसत होतं आणि मी तुला सांगत होते. शैला, हे थांबणार नाही. आपणही त्या कामात शिरू. आपल्याकडे माणसं आहेत, ती स्कॅनला पाठवू. तू ऐकून घेत नव्हतीस.

"एका माणसाला चाळीस ठिकाणी बसवायचं? त्यात कसली गर्दी?"

"आपण काय करतो? आपटेकाका परवाच्या चित्रणात आठ ब्लॉकमध्ये दिसतायत."

"आठदा चढून गेलेत ते. त्यांच्या गुडघ्यांना विचार."

मी म्हटलं की तू भावनेच्या भरात बोलतेस. तू म्हणालीस की मी वेअरहाउसमधून निघाले पण खोकी मोजणं सुटलं नाही. आठवडाभर आपण फक्त कामापुरतं बोललो. नंतर तुझा रिपोर्ट आला आणि वाद बाजूला पडला. बाजूला पडला, मिटला नाही. आजारी माणसाशी भांडायचं नसतं असं मला कोणीतरी सांगितलं आणि मी ते ऐकलं. ऐकायला नको होतं. तुला उलट बरं वाटलं असतं.

तर तू स्वतःच गेलीस फेब्रुवारीत. केविननं सगळं सांगितलं. टॅक्सीनं आलीस. डोक्याला स्कार्फ होता. पायऱ्या नसलेलं एवढंच काम आहे ना तुमच्याकडे, असं विचारलंस. त्यांनी तुला स्टुलावर बसवलं, चारी बाजूंनी कॅमेरे लावले. टाळ्या वाजवा, हसा, ओरडा, उठून उभ्या राहा. उठताना त्यांच्या माणसानं तुला हात दिला. तो हात त्यांनी नंतर पुसून टाकला.

मला राग आला. बाजू बदललीस म्हणून नाही. टॅक्सीनं गेलीस म्हणून. मी नेलं असतं. बाहेर गाडीत बसून राहिले असते, एक शब्द बोलले नसते. बरं, एक बोलले असते.

आणि तुझा शेवटचा फोन. त्या दिवशीच्या शूटिंगमधल्या सहाव्या ब्लॉकचं काय झालं म्हणून विचारलंस. मी म्हटलं, ड्राइव्ह करतेय, उद्या सांगते. तर ऐक. सहाव्या ब्लॉकमध्ये आपटेकाकांना डुलकी लागली. गोल झाला, सगळे उडी मारून उभे राहिले, काका तसेच मान टाकून बसलेले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. डायरेक्टरनं तेच दृश्य ठेवलं. एवढंच सांगायचं होतं.

पण मुद्द्याचं. तू सही केलेल्या कागदात एक अट होती: प्रत्येक नव्या मालिकेसाठी माणसाची परवानगी पुन्हा घ्यायची, आणि माणूस नसेल तर घरच्यांची. म्हणजे रियाची. तिला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तिला मेल गेली होती आणि ती हो म्हणणार होती. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या अपार्टमेंटवर गेले.

रस्त्यात मी एक सोपं खोटं तयार केलं होतं. आईला हे अजिबात मान्य नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर ती तिथेच नाही म्हणाली असती. तुझ्या फेब्रुवारीबद्दल तिला काही माहीत नव्हतं, तिला वाटत होतं की हे जुनं काहीतरी आहे. मी खोटं बोलले नाही. चांगुलपणा म्हणून नाही. खोटं बोलून तुझ्याशी वाद जिंकण्यात मजा नव्हती.

"तुझ्या आईनं स्वतः जाऊन सही केली," मी म्हटलं. "आणि मला वाटतं तिनं चूक केली."

रिया म्हणाली, "सो यू आर फायटिंग विथ मॉम. स्टिल."

"हो."

महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली. "हू इज विनिंग?"

"अजून ठरलं नाही."

मग ती गंभीर झाली. "मावशी, आय नो इट्स फेक. बट शी लुक्स सो हॅपी. माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा तिचा एकही व्हिडिओ नाहीये ज्यात ती बेडवर नाहीये."

तिनं लॅपटॉप उघडला, केविननं पाठवलेला तुकडा लावला. एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. चौथ्यांदा तिनं मध्येच थांबवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. तिसऱ्या रांगेतली तू हसून डावीकडे बघत होतीस. नवव्या रांगेतलीही, कोपऱ्यातलीही. सगळ्या एकाच क्षणी, एकाच बाजूला.

"हू इज शी लुकिंग ॲट?"

मला माहीत होतं, केविननं सांगितलं होतं. "तिथे एक काठी उभी केली होती. नजर कुठे ठेवायची हे तिला कळावं म्हणून."

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे घेताना वाजते ती पीप-पीप चालू होती. मग रिया म्हणाली, "मॉम काठीकडे बघून नाही हसत, यार. ती बाजूच्या माणसाला कोपर मारून हसते." तिनं मेल उघडली आणि नाही लिहून पाठवलं. मग भरपूर रडली. मी पोळ्या केल्या. तुझा तवा तिच्याकडे आहे आणि तिनं तो साबणानं घासून पार खराब केला आहे.

तू चार ठिकाणी बसलीस, शैला, पण एकदाही चढली नाहीस. हा तुझाच मुद्दा आहे, आता तो माझा आहे. तुला पायऱ्या चढवत नव्हत्या हे मला कळतं. म्हणून तू न चढलेल्या पायऱ्यांवर तुला नेऊन बसवायला मी हो म्हणायचं, हे मला कळत नाही.

शुक्रवारी केविनकडे गेले. तो वाईट माणूस नाही. त्यानं तुझे पुतळे निमूटपणे काढले. पण शनिवारच्या शूटिंगला तो खऱ्या माणसांचे दोनच ब्लॉक घेणार होता, बाकीचे सहा इतर लोकांच्या स्कॅननं भरायचे ठरले होते. मी म्हटलं, आठही ब्लॉक माणसांचे कर.

"तेवढा वेळ नाही. लंचनंतर मैदान सोडायचंय."

"लंचच्या आत आठ करून देते."

"शैला असती तर मी हो म्हटलं असतं," तो म्हणाला. "मंगल, तू याद्या करतेस."

"वेळ याद्या करणारीच पाळते. दोन ब्लॉक बघ. उशीर झाला तर मी स्वतः तुला स्कॅन लावायला सांगेन."

हे मी म्हटलं खरं, पण गाडीत येऊन बसल्यावर आठही ब्लॉकच्या वेळेचा हिशोब तीनदा मांडला. आवाज नसलेल्या बाईनं असली पैज लावू नये.

शनिवारी सकाळी सातला तीनशे माणसं होती. आपटेकाका-काकू, कॉलेजची मुलं, चर्चच्या गायनवृंदातल्या बायका, तुझ्या बालवाडीतली आता मिशा फुटलेली दोन पोरं. मी भोंगा घेऊन वर चढले. पहिली सूचना दिली ती कोणालाच ऐकू गेली नाही. दुसरी दिली. तिसऱ्यांदा मी ओरडले, आणि मला कळलं की तू खरं बोलत होतीस, लाजच होती. या एका बाबतीत तू जिंकलीस. लिहून ठेव.

पहिले दोन ब्लॉक वेळेच्या आधी झाले. केविननं घड्याळ बघितलं आणि तिसऱ्याकडे बोट केलं. त्या तीनशेत रियाही होती. तिला मी ओळखीच्या कुणाशेजारी बसवलं नव्हतं, नियम म्हणजे नियम. गोल झाला, तीनशे जणांनी बिनआवाजाचा जल्लोष केला, आणि त्या शांततेत रिया खरोखर ओरडली. पुढचे नट दचकले, टेक फुकट गेला. मी भोंग्यातून तिला सगळ्यांसमोर झापलं. ती म्हणाली, सॉरी मावशी, निघून गेलं तोंडातून. अख्खा ब्लॉक हसला. आवाज तुझाच आहे तिचा, कानठळ्या बसवणारा.

चौथा, पाचवा, सहावा. ऊन तापलं. लोकरीच्या टोप्यांतून घाम गळत होता, तरी माणसं उठत होती, चढत होती, बसत होती. सातव्याच्या शेवटी दोघातिघांचे चेहरे मला बरे दिसेनात. मी त्यांना आणि त्यांच्या वयाच्या आणखी काहींना खाली सावलीत पाठवलं, पाणी दिलं, नको म्हणाले तरी पाठवलं. तू असतीस तर त्यांना हसवत वर नेलं असतंस. मी तसं करणार नाही. माणूस महत्त्वाचा, ब्लॉक नंतर.

म्हणून आठव्या ब्लॉकमध्ये माझ्या तक्त्यातल्या त्यांच्या अकरा जागा रिकाम्या राहिल्या. भर मध्यावर, पाचव्या-सहाव्या रांगेत. लंचला पंधरा मिनिटं होती. केविन मॉनिटर सोडून स्टँडच्या पायथ्याशी आला.

"मस्त झालंय, मंगल. खरंच. फक्त ती अकरा भोकं आम्ही ऑफिसात भरून घेतो. कोणीही चालेल, लायब्ररीतली माणसं आहेत आमच्याकडे."

"भरू नकोस."

"रिकाम्या दिसतायत गं."

"रिकाम्याच आहेत."

हातातल्या कागदावर केविननं त्या जागा भरण्याची ओळ खोडली आणि तो कॅमेऱ्याकडे परत गेला. मी भोंगा तोंडाशी धरला आणि दोनशे एकोणनव्वद जणांना उभं राहायला सांगितलं.